यंत्र घरोघरी, कारागीर परगावी

चंद्रपूरच्या उन्हाळ्याविषयी नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो आणि मध्यरात्र उलटली तरी भिंतींची धग ओसरत नाही. अशा रात्री एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरातील वातानुकूलन यंत्र अकस्मात गरम वारा फेकू लागले, तर त्या कुटुंबापुढे उभा राहणारा प्रश्न चैनीचा नसतो. घरात वृद्ध माणूस वा तान्हे मूल असल्यास तो प्रकृतीचा आणि प्रसंगी प्राणाचा प्रश्न असतो. दूरध्वनी केल्यावर मेकॅनिक चार दिवसांनी येण्याचे आश्वासन देतो, सहाव्या दिवशी येतो आणि दोन मिनिटांत 'गॅस संपला' असे निदान करतो. दोन-तीन हजार रुपये मोजले जातात, यंत्र थंड वारा देऊ लागते, घर सुखावते. पुढच्या एप्रिलमध्ये तेच यंत्र, तेच निदान आणि बहुधा थोडा वाढलेला आकार!

वास्तविक गॅस हा काही पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. वातानुकूलन यंत्र म्हणजे उष्णता उपसणारा पंपच. बंद नळ्यांतून फिरणारा वायू घरातील उष्णता शोषून घेतो आणि बाहेर नेऊन टाकतो. थंड देशांत हेच यंत्र उलट्या दिशेने चालवून घर ऊबदार ठेवतात. नळी अभंग असेल तर आतला वायू वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती शोधायची तर नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे लागते, छिद्र बुजवावे लागते, पंपाने नळ्या निर्वात कराव्या लागतात आणि मग यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरावा लागतो. या कामास दोन-तीन तास लागतात. नुसता गॅस भरायला अर्धा तास पुरतो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दोहोंचा तात्कालिक परिणाम एकच, तो म्हणजे थंड वारा.

येथेच अर्थशास्त्रातील एक गाजलेला सिद्धान्त आठवतो. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. (तीन नियतकालिकांनी तो आधी साभार परत केला होता, लेखकाला २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.) विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकाला नाही, अशा बाजारात गिऱ्हाईक चांगल्या मालालाही सरासरी भावच देऊ करते. परिणामी चांगला माल आणणारा काढता पाय घेतो आणि वाईट माल मागे उरतो. दुरुस्तीच्या धंद्याची अवस्था याहून बिकट आहे. मोटार चार दिवस चालवली म्हणजे तिची प्रत कळते. गळती बुजवली होती की नाही हे कळायला वर्ष जावे लागते. तीन तास खपणाऱ्या प्रामाणिक कारागिराला अर्ध्या तासात उरकणाऱ्याच्या दराशी स्पर्धा करावी लागते. हा दोष व्यक्तीच्या नीतीचा कमी आणि बाजाराच्या रचनेचा अधिक आहे. स्पर्धा वाढली म्हणजे सेवा आपोआप सुधारेल, हा भाबडा विश्वास म्हणूनच येथे उपयोगी पडत नाही.

कारागिराची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याची खरी कमाई मार्च ते जूनच्या प्रारंभापर्यंत. उरलेले आठ-नऊ महिने वायरिंग, फिटिंग, मिळेल ते काम. भर दुपारी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर, पट्ट्याशिवाय आणि विम्याशिवाय, तापलेल्या पत्र्याशी त्याला झटावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पण प्रत्यक्षात अनेक जण उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहूनच शिकलेले. ज्यांच्या हाती खरे कसब येते ते नागपूर, पुणे वा हैदराबाद गाठतात, कारण तेथे बारमाही काम असते.

चंद्रपूरच्या परिस्थितीत आणखी एक भर आहे. कोळशाची धूळ आणि राख बाहेरच्या भागातील जाळीवर साचते आणि उष्णता बाहेर टाकण्याची वाटच अडते. यंत्रांची क्षमता सामान्यतः बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. ४६ अंशांत ती आधीच खालावते, त्यात ही धूळ. म्हणजे इतर शहरांत वर्षातून एकदा पुरणारी साफसफाई येथे दोनदा व्हायला हवी. २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र ज्या शहराच्या वेशीवर उभे आहे, तेथल्या रहिवाशाने वीज अधिक जाळून गारवा मात्र कमी मिळवावा, हा योगायोग मोठा मासलेवाईक म्हटला पाहिजे.

पूर्वी कूलर होता, आणि अजूनही बहुसंख्य घरांत तोच आहे. त्याचे शास्त्र घरातल्या प्रत्येकाला अवगत असते. ताट्या बदलणे, पंप साफ करणे यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. तथापि पाणी, पत्रा आणि वीज यांची ही संगत घातक आहे. अर्थिंग नसलेल्या कूलरचा धक्का लागून मृत्यू झाल्याचे वृत्त विदर्भात जवळजवळ दर उन्हाळ्यात वाचावे लागते. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे आणि अर्थिंग तपासून घेणे एवढ्याने यातील पुष्कळ जीव वाचले असते. ती तपासणी करणारा जाणता माणूस मोहल्ल्यात असणे ही देखील दुरुस्ती-सेवेचीच बाब आहे.

नव्या यंत्रांत धोक्याचे स्वरूप बदलले आहे. ओझोनच्या थरास घातक ठरलेला आर-२२ हा वायू हद्दपार होत असून त्याच्या जागी आलेला आर-३२ काही अंशी ज्वलनशील आहे, तर काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. अशा नळीला न तपासता ज्योत लावणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. केंद्र सरकारने २०१९ च्या शीतलन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्ट योग्यच होते. परंतु दारी आलेल्या मेकॅनिककडे ते प्रमाणपत्र मागायचे असते हे ग्राहकाला कोणी सांगितले? न मागितलेल्या प्रमाणपत्राला बाजारात मोल येत नाही.

गडचिरोलीत प्रश्नाचे गांभीर्य निराळे आहे. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली, आणि मुख्यालयापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरवर. तेथे उष्णता उपसणारे सर्वांत महत्त्वाचे यंत्र दिवाणखान्यात नसून प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे; ते म्हणजे लसींचा शीतकपाट. लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. उष्णतेने त्या निकामी होतात आणि त्रिगुणीसारख्या काही लसी गोठल्यानेही निकामी होतात. बिघडलेली लस डोळ्यांना ओळखू येत नाही. बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर खूण होते आणि संरक्षण मिळालेले नसते! पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. त्या दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणचा तंत्रज्ञ कितीही कुशल असो, तो पुराच्या अलीकडेच राहणार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. यंत्रे स्वस्त झाली, खप वाढेल. दुरुस्ती करणारे हात त्या प्रमाणात वाढावेत अशी कोणतीच तजवीज करकपातीत नसते. युरोपातही २०२२ च्या गॅसटंचाईनंतर घरे उबवणाऱ्या पंपांना मोठी अनुदाने मिळाली आणि मग ती बसवणारे कारागीर अपुरे पडले. श्रीमंत देशांचीही चूक तीच.

या दोन जिल्ह्यांत दुरुस्तीचे मोठे ग्राहक म्हणजे शासकीय कचेऱ्या, बँका, रुग्णालये आणि महाविद्यालये. त्यांनी देखभालीची कंत्राटे सरसकट बाहेरच्या पेढ्यांना न देता काही वाटा प्रमाणपत्रधारक स्थानिक कारागिरांच्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवला, तर बारमाही काम निर्माण होईल आणि शिकलेला मुलगा गावात टिकेल. कामाच्या पावतीवर गळती कोठे सापडली, किती ग्रॅम वायू भरला आणि प्रमाणपत्राचा क्रमांक काय, या तीन नोंदी सक्तीच्या कराव्यात. घरगुती ग्राहकानेही हीच पावती मागावी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. पण कागद नसेल तर तक्रार उभी राहत नाही. साफसफाईचे काम मेऐवजी जानेवारी-फेब्रुवारीत काढल्यास कारागिराला सवड असते आणि गिऱ्हाइकाला घासाघीस करता येते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा येथे तर तालुक्यातल्याच दोन तरुणांना शीतकपाटाचे काम शिकवून सुट्या भागांची एक पेटी त्यांच्या हवाली करावी, आणि ती मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी पोचलेली असावी.