पोस्टकार्ड उलटं करून बघा

एकच शहर, टेकडीवरचा तोच बुरूज. पण चित्राखाली छापलेली ओळ बघा. १९१० च्या सुमाराच्या कार्डावर रशियन लिपीत 'विल्ना'. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायांनी घरी धाडलेल्या कार्डावर तेच नाव जर्मनमध्ये. १९३० च्या कार्डावर पोलिशमध्ये 'विल्नो'. आणि आज हे शहर ज्या देशाची राजधानी आहे, त्या लिथुआनियाच्या भाषेत 'विल्नियस'. बुरूज जागचा हलला नाही, राज्यं तेवढी बदलत गेली.

लिथुआनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि तिथल्या इतर संग्रहालयांत अशी जुनी पोस्टकार्डं जपून ठेवली आहेत. त्यातली बरीच स्कॅन होऊन ऑनलाइन आलीत. मला ती भाषा येत नाही, तरी मी तासन् तास बघत बसतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला पाटीवरचं नाव आधी दिसतं, गाव मागून. त्याला काय करणार!

त्या काळच्या कार्डांवर एक पुतळा दिसतो, मुराव्योवचा. १८६३ चा उठाव चिरडणारा हा रशियन गव्हर्नर. लोक त्याला 'फाशीवाला' म्हणायचे. १८६४ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत लिथुआनियन भाषा लॅटिन अक्षरांत छापायला बंदी सुरू झाली. छापायचं तर रशियन लिपीत छापा, असा हुकूम. लोकांनी ती रशियन लिपीतली पुस्तकं घेतलीच नाहीत. शेजारच्या पूर्व प्रशियात, म्हणजे जर्मन राज्यात, पुस्तकं छापली आणि पाठीवर लादून रात्री सीमेपार आणली. बंदी चाळीस वर्षं टिकली, १९०४ मध्ये उठली. मुराव्योवचा पुतळा १८९८ मध्ये बसवला होता. १९१५ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा रशियनांनी स्वतःच तो उतरवून नेला. आता तो फक्त कार्डांवर उरलाय.

आता माझा मुद्दा. जुन्या कार्डांची पुस्तकं, अल्बम निघतात, त्यात बहुतेक वेळा पुढचीच बाजू असते. पण पुढची बाजू म्हणजे छापखान्याची, म्हणजेच परवानगीची भाषा. बंदी छपाईवर होती. स्वतःच्या हातानं आपल्या लिपीत चार ओळी खरडण्यावर नव्हती. त्यामुळे माणसाची भाषा शोधायची तर शाईत शोधायला हवी. सुरुवातीच्या कार्डांची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं कोंबलेला असतो. पुढं पाठीचे दोन भाग झाले, एकात पत्ता, एकात खुशाली. ते पान न दाखवणारा संग्रह मला अर्धाच वाटतो.

शिक्केसुद्धा वाचण्यासारखे असतात. १९२० मध्ये पोलंडच्या फौजेनं विल्नियस घेतलं. लिथुआनियानं कौनासला तात्पुरती राजधानी केली आणि पोलंडशी संबंधच ठेवले नाहीत. १९३८ पर्यंत दोन्ही देशांत थेट टपालही नव्हतं! दोन शहरांत जेमतेम शंभर किलोमीटर अंतर, आणि पत्र जायचं तिसऱ्या देशातून वळसा घेऊन.

इथपर्यंत आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं. छाती फुगते. पण थांबा. १८९७ च्या रशियन जनगणनेत या शहरात लिथुआनियन बोलणारे किती होते? सुमारे दोन टक्के. यिद्दिश बोलणारे ज्यू चाळीस टक्क्यांच्या आसपास, पोलिश बोलणारे तीस-एकतीस. म्हणजे 'विल्नो' ही काही नुसती राज्यकर्त्यांनी लादलेली पाटी नव्हती, हजारो घरांत तेच नाव होतं. आणि ज्यू घरांत 'विल्ने'. बेळगाव की बेळगावी या भांडणात आपण जुने कागद पुराव्यासारखे फडकवतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. आपल्याला हवं ते नाव असलेलं कार्ड दाखवायचं आणि बाकीची खिशात ठेवायची, हे मला पटत नाही. असं केलं की समोरचाही तेच करतो, आणि त्याच्याकडंही कार्डं असतात.

विल्नियसच्या मोठ्या सिनेगॉगची कार्डं आहेत. ते प्रार्थनास्थळ युद्धात मोडकळीला आलं आणि नंतर सोव्हिएत राजवटीनं पन्नासच्या दशकात पाडून टाकलं. तिथं जाणारी बहुतेक माणसं त्याआधीच, नाझी ताब्याच्या काळात, मारली गेली होती. आज कुठल्याही सीमावादात 'विल्ने' या नावाची बाजू मांडायला फारसं कुणी उरलेलं नाही. म्हणून संग्रहालयाच्या नोंदीत आजचं नाव जरूर लिहावं, पण कार्डावर छापलेलं आणि हातानं लिहिलेलं नावही जसंच्या तसं, त्याच लिपीत नोंदवावं. दुरुस्त करू नये.

तुमच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर, आजीच्या डब्यात जुनी पत्रं असतीलच. निपाणीचा शिक्का असेल, कारवारचा असेल, खानापूरचा असेल. मराठी पत्रावर कानडी पत्ता असेल, नाहीतर उलटं. आपल्या ग्रुपवर टाकायला फोटो काढाल तेव्हा दोन्ही बाजूंचा काढा. पत्ता खासगी वाटला तर तेवढा झाका, पण शिक्का आणि अक्षर दिसू द्या.