उन्हात राबलेल्यांचं म्हातारपण

गेल्या महिन्यात एका निकाहला गेलो होतो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दुबईत चांगल्या नोकरीला आहे. जेवताना अभिमानानं म्हणाला, "सर, अब्बांना आता गावात ठेवणार नाही. त्यांची रिटायरमेंट दुबईत!" आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माशाअल्लाह म्हटलं. मला म्हणवलं नाही. का, ते तिथे सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहितो.

माझे मामू सत्तावीस वर्षं शारजात इलेक्ट्रिशियन होते. साठीला व्हिसा संपला आणि ते खेड तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. तीन वर्षांनी मुलानं त्यांना आणि मुमानीला पुन्हा त्याच शहरात नेलं, या वेळी स्वतःच्या व्हिसावर. गाव खूश. म्हातारपणी सुखाचे दिवस आले म्हणे.

सुखाची सुरुवात निघायच्या आदल्या रात्री झाली. मुमानींनी मटणाच्या मसाल्यासाठी पाव किलो खसखस बांधून घेतली होती. मामूंनी ती बॅगेतून उपसून काढली. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी म्हणून माणूस तुरुंगात जाऊ शकतो. मुमानींना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

पुढे रोज काहीतरी. जुलैत थंड पाण्याचा नळ सोडला तर हात भाजायचा, कारण टाकी गच्चीवर उन्हात. मग गीझर बंद ठेवायचा आणि गरमच्या नळाचं पाणी थंड म्हणून वापरायचं. हे मामूंना ठाऊक होतं, मुमानींना चटका बसल्यावर कळलं. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. एकदा मामू अशाच आंधळ्या चष्म्यानं मशिदीच्या पायरीवर अडखळले. मुमानींना बहिणीशी बोलायचं असायचं, तर तिथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, आणि दुसरं ॲप गावातल्या मावशीला जमत नाही. लिफ्टमध्ये शेजारी भेटायचे, सलाम व्हायचा, चौदावा मजला आला की संबंध संपला.

या गोष्टी सांगून आम्ही पुष्कळ हसलो. हसण्यासारखी नाही ती गोष्ट पुढे आहे.

मामूंच्या छातीत दुखू लागलं. विमा होता, पण जुन्या दुखण्याचा खर्च बराचसा मुलाच्याच खिशातून. पहिलं बिल त्यांनी पाहिलं आणि त्यानंतर दुखलं तरी सांगणं बंद केलं. मला नंतर म्हणाले, "कंपनीत होतो तेव्हा आजारी पडलो तर कंपनीचं नुकसान. आता पडलो तर पोराचं. मी तिथे कधी स्वतःच्या हिशेबानं आजारी पडलोच नाही रे."

आता कुणी म्हणेल, परदेशात निवृत्त होणारे जगभर आहेत. आहेत ना. हजारो ब्रिटिश पेन्शनर स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हात राहतात. पण त्यांच्या खात्यात दरमहा सरकारी पेन्शन येतं, दरवर्षी वाढतं, आणि त्यांच्या दवाखान्याचा खर्च ब्रिटिश सरकार स्पेनला देतं. त्यांची फजिती होते ती भाषेची, कागदपत्रांची. आमच्या माणसाच्या पाठीशी काय असतं? नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी. अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे वर्षाला 30 दिवसांचा, आणि सगळं मिळून दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही. तीस वर्षं राबा, नाहीतर पस्तीस. त्यातही हिशेब मूळ पगारावर, आणि तो मूळ आकडा किती छोटा लिहिलेला असतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

अमिरातीत निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा आहे, तोही 55 वर्षांपुढच्यांना. पण त्यासाठी दहा लाख दिरहमची मालमत्ता दाखवा, किंवा तेवढी बचत, किंवा दरमहा भक्कम उत्पन्न. दहा लाख दिरहम म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त. ज्यानं त्या इमारतीत वायर ओढली, त्याच्यासाठी ही सोय नाही. त्याच्यासाठी मुलाचा व्हिसा आणि दरवर्षीचं नूतनीकरण. मुलाची नोकरी गेली की बापाचं म्हातारपणही तिथून उठलं.

तिथल्या सरकारला मी दोष देत नाही. त्यांनी कधी लपवलं नाही. करार दोन वर्षांचा, माणूस कामापुरता. फसवलं आपण आपल्यालाच. पहिली दहा वर्षं घर बांधण्यात, पुढची दहा बहिणींच्या लग्नांत, शेवटची मुलांच्या ॲडमिशनमध्ये. दुमजली घराला ग्रॅनाइट लावलं, म्हातारपणाच्या नावानं एक रुपया वेगळा काढला नाही. एनपीएसचं खातं अनिवासी भारतीयालाही उघडता येतं. व्याज नको असेल तर शरीअतला धरून गुंतवणूक करणारे म्युच्युअल फंड भारतात आहेत. पण जुम्म्यानंतर मशिदीबाहेर मी प्लॉटचे भाव ऐकलेत, हे कधी ऐकलं नाही.

"सर, मां-बाप की खिदमत तर फर्ज आहे," असं विद्यार्थी म्हणाला असता. आहेच. पण खिदमत कुणाच्या सोयीनं, हा प्रश्न विचारायला नको का? गावात डॉक्टर नाही, म्हणून त्यांना नेतो, हे मात्र खरं कारण आहे आणि मी ते नाकारत नाही. रात्री छातीत दुखलं तर आमच्या गावातून गाडी शोधण्यात अर्धा तास जातो. मग भांडण तिथे करू या. केरळनं 2008 साली कायदा करून परदेशी गेलेल्या आपल्या लोकांसाठी कल्याण मंडळ उभारलं. वर्गणी भरणाऱ्याला साठीनंतर पेन्शन मिळतं. आपल्या कोकणातून तीन पिढ्या गेल्या. निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्या एकाही पुढाऱ्याकडे कुणी असं मंडळ मागितल्याचं मला आठवत नाही. आपण मागतो कब्रस्तानची भिंत आणि मशिदीकडे जाणारा रस्ता. दोन्ही हवेत, पण त्या दोन्हींच्या आधी म्हातारपण येतं.

मामू चौदा महिन्यांनी परत आले. खेडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, इलाज झाला, पैसे मुलानंच दिले, पण तिथल्यापेक्षा खूप कमी. आता सकाळी पडवीत बसतात. मशिदीच्या पंपाची मोटर बिघडली की लोक त्यांनाच बोलावतात. मुमानींच्या मटणात खसखस परत आलीय.

त्या विद्यार्थ्याला मला एवढंच सांगायचं आहे. बेटा, तिकीट काढायच्या आधी अब्बांना एकदा विचार. आणि ते "तुझी मर्जी" म्हणाले, तर ते उत्तर धरू नकोस. आयुष्यभर ते कफीलालाही तेच म्हणत आले आहेत.