नुसतं ‘टक’ वाजतं तेव्हा
बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी गाठायची घाई, आणि पावसाळी सकाळी मोटारसायकल नुसती ‘टक’ करून गप्प. अशा वेळी स्टार्टर मोटर जळाली असं धरून खर्चात पडू नये. बटण दाबताच हेडलाइट मंदावला, तर संशय आधी बॅटरीवर. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. ती उतरली की रिले वाजतो, पण मोटर फिरत नाही, कारण रिलेला जरासा करंट पुरतो, मोटरला कितीतरी जास्त लागतो. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर धरतो, त्यानेही हेच होतं. चावी बंद करून निगेटिव्ह वायर आधी सोडवा, टर्मिनल घासा, घट्ट आवळा. दिवा लख्ख राहूनही ‘टक’च आलं, तर रिले आणि मोटर मेकॅनिककडून तपासून घ्या.