मुक्काम कुणासाठी निवडायचा?

काशीहून विंध्य पर्वताकडे निघालेले सर्वांत जुने प्रवासी कोण? पुराणांचे ऐकायचे तर अगस्ती ऋषी. विंध्य उंच उंच वाढत चालला, सूर्याची वाट अडली, तेव्हा देवांच्या विनंतीवरून अगस्ती लोपामुद्रेसह काशी सोडून निघाले. त्यांना पाहून विंध्याने मान लववली. 'मी दक्षिणेतून परत येईपर्यंत असाच राहा,' असे सांगून ते जे गेले, ते परतलेच नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले येथे प्रवरेकाठी आजही त्यांचा आश्रम दाखवतात.

आजच्या मराठी कुटुंबाला मात्र परत यायचे असते, आणि तेही संध्याकाळच्या गंगा आरतीच्या आत! त्यामुळे अगस्तींना न पडलेला एक प्रश्न आपल्याला पडतो. काशीत मुक्काम नेमका कुठे करायचा?

हल्ली काशीयात्रेला जोडूनच विंध्याच्या डोंगरांची सहल करणारी कुटुंबे दिसतात. कल्पना उत्तम आहे. शहर सपाटीवर असले, तरी गंगा ओलांडून दक्षिणेकडे तास-दीड तास गाडी चालवली की विंध्य आणि कैमूरच्या रांगा सुरू होतात. किल्ले आहेत, धबधबे आहेत, जंगल आहे. आजीची यात्रा होते, मुलांची सहल होते, आणि एकाच रेल्वे तिकिटात दोन्ही साधते. खर्च आटोक्यात राहावा म्हणून एकच साधा मुक्काम धरायचा आणि तिथून गाडी करून रोज फिरून यायचे, हा हिशेबही बरोबर आहे.

चूक होते ती पुढे. मुक्काम निवडताना घरातील कर्ती मंडळी दोनच गोष्टी पाहतात. भाडे किती, आणि देऊळ किती जवळ. एक गोष्ट विचारायची राहून जाते. डोंगरात गाडी जाईल, त्या दिवशी खोलीवर मागे कोण राहणार आहे?

'तुम्ही जाऊन या, मी इथेच बरी'

एक घर डोळ्यांसमोर आणा. सत्तरी ओलांडलेली आजी, मुलगा-सून, दोन नातवंडे आणि आजीची धाकटी बहीण. काशी पाहायची ही आजीची कित्येक वर्षांची इच्छा. त्यासाठीच सारा घाट घातलेला. पहिल्या दिवशी गंगास्नान आणि विश्वनाथाचे दर्शन होते. दुसऱ्या दिवशी धबधब्याचा बेत ठरतो. सत्तर किलोमीटर जायचे, सत्तर यायचे, शिवाय वाटेत चढउतार. आजी म्हणते, 'पोरांनो, तुम्ही जाऊन या. मी इथेच बरी. सामानाकडेही लक्ष राहील.'

सगळ्यांना हायसे वाटते. पण खोली जर तिसऱ्या मजल्यावर असेल, जिने अरुंद असतील, आणि खाली उतरल्यावर माणसे, गायी आणि मोटरसायकली यांनी भरलेली गल्ली असेल, तर आजी दिवसभर काय करणार? ती खिडकीशी बसून राहणार. जन्मभर जिचा ध्यास घेतला, त्या काशीत येऊन ती सामान राखणार. आणि संध्याकाळी विचारले तर 'मजेत होते' असेच सांगणार. कारण आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना गैरसोय बोलून दाखवायची सवयच नसते.

म्हणून मुक्कामाचा पहिला नियम असा धरावा. डोंगरावर जाणारे खोलीवर फक्त झोपायला येतात. दिवस काढायचा असतो तो मागे राहणाऱ्याला. तेव्हा मुक्काम त्याच्या सोयीने निवडावा. जाणाऱ्यांनी पहाटे दहा मिनिटे जास्त चालले तर काही बिघडत नाही.

चार ठिकाणे, चार स्वभाव

काशीत साधा मुक्काम मिळण्याची ठिकाणे ढोबळमानाने चार.

पहिले, स्टेशनजवळचा कँट परिसर. उतरल्यावर लगेच खोली मिळते, गाडी दारात येते. पण घाट दूर राहतात. मागे राहणाऱ्याला बाहेर पडून पाहण्यासारखे फारसे काही नाही. एक रात्र काढायला ठीक, चार दिवसांना नाही. स्टेशनांची नावे मात्र नीट पाहून घ्या. वाराणसी जंक्शन म्हणजेच कँट. पूर्वीचे मंडुवाडीह २०२१ पासून 'बनारस' या नावाने ओळखले जाते. आणि पूर्वीचे मुगलसराय २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे. ते गंगेपलीकडे, पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे.

दुसरे, गोदौलिया आणि दशाश्वमेध. विश्वनाथ मंदिर पायी जाण्याच्या अंतरावर. डिसेंबर २०२१ मध्ये मंदिरापासून गंगेपर्यंतचा प्रशस्त मार्ग खुला झाल्याने दर्शनाची वाट सुधारली आहे. मात्र इथे गर्दी कायमची, आणि गल्ल्यांत चारचाकी शिरत नाही. पाय धड असलेल्या वडीलधाऱ्यांना हे ठिकाण आवडेल. गुडघे दुखणाऱ्यांना नाही.

तिसरे, पंचगंगा, ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट. मराठी माणसाला हा भाग आपला वाटतो, आणि ते खरेही आहे. मराठी घराणी इथे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. ब्रह्मा घाटावर दत्ताचे देऊळ आहे. कुणाशी चार शब्द मराठीत बोलता आले, तर एकट्या माणसाचा दिवस हलका होतो. अडचण एकच. गल्ल्या अरुंद, आणि घाटाच्या पायऱ्या उभ्या. गाडीसाठी मैदागिनच्या रस्त्यापर्यंत चालत यावे लागते.

चौथे, दक्षिणेकडील अस्सी आणि भदैनी. वरच्या अंगाने रस्ता घाटाच्या बराच जवळ येतो. अस्सी घाटावर २०१४ पासून रोज पहाटे 'सुबह-ए-बनारस' हा कार्यक्रम होतो. आरती, शास्त्रीय गायन-वादन, योगासने. तुमची गाडी डोंगराकडे निघते त्याच वेळी आजीला उठून तिथे जाऊन बसता येते. तुलसीदासांचा तुलसी घाट शेजारीच. भदैनीत झाशीच्या राणीचे जन्मस्थान आहे. दुर्गाकुंड आणि संकटमोचन रिक्षाने जवळ. बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालयही याच बाजूला आहे, ही गोष्ट वयस्कर माणूस बरोबर असताना लहान नाही. विश्वनाथ मंदिर मात्र तीनेक किलोमीटर पडते.

विंध्याकडे जाण्याच्या दृष्टीनेही हेच ठिकाण सोयीचे. लंका, सामने घाटाचा पूल आणि रामनगर या वाटेने गाडी शहराच्या गर्दीत न अडकता दक्षिणेला लागते. म्हणजे मागे राहणाऱ्याची सोय पाहता पाहता जाणाऱ्यांचीही सोय होते. तरीही आजीचा जीव ब्रह्मा घाटावरच असेल, तिथे ओळखीचे कुणी असेल आणि पायऱ्यांची तिला भीती नसेल, तर खुशाल तिथे राहा. ठरवायचे तिने. फक्त तिला आधी विचारा, आणि 'कुठेही चालेल' हे उत्तर समजू नका.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

खोलीच्या भाड्यावर जाऊ नका, चार दिवसांचा हिशेब मांडा. समजा, एक खोली रोज तीनशे रुपयांनी स्वस्त आहे. चार रात्रींचे बाराशे वाचले. पण तिथून प्रत्येक वेळी रस्त्यापर्यंत सायकलरिक्षा, सामानाला हमाल आणि आजीला जेवायला बाहेर नेण्याचा खर्च धरला, तर त्या बाराशेंतले हाती काय उरते? ज्या धर्मशाळेत साधे वरणभात, खिचडी मिळते, तिचे भाडे थोडे जास्त असले तरी ती स्वस्तच.

फोनवर हे प्रश्न अवश्य विचारा. तळमजल्याची खोली मिळेल का? कमोड आहे का? वीज गेल्यास पंखा चालतो का? फाटक रात्री किती वाजता बंद होते आणि पहाटे साडेचारला कोण उघडेल? बऱ्याच धर्मशाळांत फाटकाची वेळ कडक असते, आणि डोंगराची सहल तिथेच अडते. खिडकीला जाळी आहे का, हेही विचारा. काशीतील माकडे वाळत घातलेले लुगडे आणि टेबलावरचा चश्मा यांत भेद करीत नाहीत!

गाडी कुठवर न्यावी?

मुक्कामाहून एका दिवसात आरामात होतील अशा दोन सहली आहेत.

पहिली चुनार आणि विंध्याचल. चुनार सुमारे चाळीस किलोमीटरवर. गंगेच्या वळणावरचा हा किल्ला शेरशहा आणि हुमायून यांच्या लढ्यात गाजला. १७८१ साली चेतसिंहाच्या उठावात वॉरन हेस्टिंग्ज काशीहून पळाला, तो इथेच आश्रयाला आला. सारनाथचे चार सिंह ज्या वालुकाश्मात कोरले आहेत, तो चुनारचाच. मुलांना सारनाथ आधी दाखवा, मग चुनार. दगडाची गोष्ट त्यांना आपोआप कळेल. पुढे मिर्झापूरजवळ विंध्यवासिनीचे स्थान. आपल्या घड्याळांतील भारतीय प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश रेखावृत्तावरून ठरते, ते याच भागातून जाते. ही सहल बहुतेक रस्ता सपाटीचा असल्याने आजीलाही झेपेल. तिला गाडीत मधल्या आसनावर, खिडकीशी बसवा.

दुसरी राजदरी आणि देवदरी. चकियामार्गे सुमारे सत्तर किलोमीटर. चंद्रप्रभा अभयारण्यातील हे दोन धबधबे. १९५७ साली गीरच्या जंगलातून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून इथे सोडल्या होत्या. त्यांची संख्या अकरापर्यंत गेली, पण १९६५ नंतर ते दिसेनासे झाले. याच मुलखातील नौगड आणि त्याच्या दक्षिणेचा विजयगड ही देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ सालच्या 'चंद्रकांता' कादंबरीतील नावे. १९९४ मधील दूरदर्शन मालिका आठवणाऱ्यांना ती नवी नाहीत. आजी मागे राहते ती या दिवशी.

विजयगड किंवा सलखनचे जीवाश्म उद्यान याच दौऱ्यात बसवण्याचा मोह आवरा. रॉबर्ट्सगंजच नव्वद किलोमीटर आहे, आणि त्या रस्त्यावर खडी-दगड वाहणारे ट्रक खूप. डोंगरातून अंधार पडण्यापूर्वी खाली उतरलेच पाहिजे, हे ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा. दोन सहलींच्या मध्ये एक दिवस रिकामा सोडा. तो आजीचा.

केव्हा जावे?

इथे काशी आणि विंध्य यांचे जमत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात धबधबे भरलेले असतात, पण त्याच सुमारास गंगेला पूर येतो आणि घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. मग मागे राहणाऱ्याला घाटच नाही. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके, मे-जूनमध्ये लू. पाणी ओसरल्यावरचा ऑक्टोबर दोघांनाही मानवतो. रामनगरची महिनाभर चालणारी रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होऊन शरद पौर्णिमेच्या सुमारास संपते. तेव्हा त्या दिवसांत परतीच्या वाटेवर रामनगरला गर्दी लागेल, हे धरून चाला. कार्तिक पौर्णिमेच्या देवदीपावलीला खोल्यांचे दर कडाडतात. साध्या खर्चात जायचे तर तो आठवडा टाळा.

धबधब्याखाली उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी अचानक वाढते. विंध्यातील या दऱ्यांत माणसे बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत.

निघण्यापूर्वी आजीच्या हातात

सकाळी निघताना चार गोष्टी आजीपाशी असू द्या. खोलीची किल्ली. सुटे पैसे. मुक्कामाचा पत्ता हिंदीत लिहिलेला कागद. आणि चार्ज केलेला फोन, ज्यात व्यवस्थापकाचा नंबर पहिला असेल. आदल्या दिवशी तिला घेऊन एकदा मुक्कामापासून घाटापर्यंत आणि परत चालून या. वळणे तिची तिला कळली पाहिजेत. सामानाला कुलूप लावा आणि स्पष्ट सांगा, 'सामान राखायचे नाही, फिरायचे.'

एवढे केलेत, तर संध्याकाळी दमून परतलेल्या मुलांनी धबधब्याचे वर्णन सुरू करताच आजी त्यांना मध्येच थांबवेल. घाटावर सकाळी कोण गात होते, नावाड्याने किती पैसे मागितले आणि तिने किती दिले, हे तिला आधी सांगायचे असेल.