दुसऱ्या रिकीची जागा

रिकी मार्टिनची गोष्ट निघाली की एक कथानक हटकून पुढे येते. मेनुदो हा पोरांच्या गाण्याचा कारखाना. रिकी त्यात पाच वर्षे अडकला, सुटला, एकटा झाला आणि तेव्हा कुठे कलावंत झाला. ऐकायला छान आहे, पण हिशेबात बसत नाही.

पूर्वपक्षात तथ्य नाही असे मुळीच नाही. एदगार्दो दियासने 1977 मध्ये पोर्तो रिकोत उभा केलेला हा संच खरोखरच साच्यावर चालायचा. मुलगा सोळाच्या आसपास पोचला की बाहेर, त्याच्या जागी नवा. एन्रिके मार्तिन मोरालेसला, म्हणजे आपल्या रिकीला, आधी उंची कमी म्हणून नाकारले होते. 1984 मध्ये, बाराव्या वर्षी, तो आत आला तोही रिकी मेलेंदेसच्या जागी. एक रिकी गेला, दुसरा आला. पाटीसुद्धा बदलायला नको! पुढे माजी सदस्यांनीच तिथल्या पिळवणुकीच्या तक्रारी जाहीरपणे मांडल्या. तेव्हा त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही.

पण ‘सुटला आणि फुलला’ म्हणणाऱ्यांनी जरा साले पाहावीत. 1989 मध्ये रिकी बाहेर पडला. 1991 मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम, 1993 मध्ये दुसरा. मुखपृष्ठावर एकट्याचा चेहरा. आत मात्र बेतून दिलेली गुळगुळीत प्रेमगीते. दुसऱ्या अल्बमची सूत्रे तर हुआन कार्लोस काल्देरोन या मुरलेल्या निर्मात्याच्या हाती होती. कारखाना सुटला, साचा कुठे सुटला?

साचा मोडला तो 1995 च्या ‘आ मेदिओ विविर’ या अल्बममध्ये, ‘मारिया’ या गाण्याने. आणि त्यामागे कोण होता? रोबी द्राको रोसा. हा गडी त्याच मेनुदोतला. 1984 ते 1987 दोघे एकाच रंगमंचावर नाचत होते. इथे त्याने इयन ब्लेक या टोपणनावाआड राहून काम केले. 1998 च्या फुटबॉल विश्वचषकाचे ‘ला कोपा दे ला विदा’ आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाच आठवडे पहिले राहिलेले ‘लिव्हिन ला विदा लोका’ या दोन्हींत डेस्मंड चाइल्डच्या जोडीने द्राकोचाच हात. ज्याला आपण ‘एकट्याची’ कारकीर्द म्हणतो, तिचा गाभा असा संचातल्या सोबत्याने घडवला.

मग एकटा होण्याला अर्थच नाही का? आहे, पण तो स्वातंत्र्याचा नाही. 1996 मध्ये ब्रॉडवेवर ‘ले मिझराब्ल’मध्ये मारियुस साकारतानाही तो दुसऱ्याने रिकामी केलेल्या जागेवरच उभा होता, त्याच्यानंतर ती जागा तिसऱ्याची झाली. 24 फेब्रुवारी 1999 च्या ग्रॅमी समारंभात मात्र तो ‘ला कोपा’ गायला उभा राहिला तेव्हा पाय घसरला असता, आवाज फुटला असता, तर आत पाठवायला दुसरा रिकी कुणाकडेच नव्हता.