जर्मनीने बंदुका दिल्या, किर्कूकवर मात्र गप्प बसली

सीमाभागातल्या मित्रमैत्रिणींनो,

आपल्या ग्रुपवर अधूनमधून एक पोस्ट फिरते. "कुर्दांसारखे आम्हीही राज्याविना राहिलेले लोक" अशा अर्थाची. खाली डोंगरावर बंदूक घेऊन उभ्या पेशमर्ग्यांचा फोटो. लाईक भरपूर पडतात. राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला वाटतं, ही तुलना करायचीच असेल तर फोटोच्या पलीकडे जाऊन करूया. इराकमधला स्वायत्त कुर्दिस्तान आणि जर्मनी यांच्या संबंधांत आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे, पण ते त्या बंदुकीत नाही.

२०१४ च्या जूनमध्ये मोसुल इसिसच्या हातात गेलं. ३ ऑगस्टला सिंजार पडलं, यझिदींची कत्तल सुरू झाली, हजारो बायका-मुली पळवल्या गेल्या. इसिस कुर्दिस्तानची राजधानी एर्बिलच्या जवळ पोचली. युद्ध चालू असलेल्या भागात शस्त्रं पाठवायची नाहीत, हे जर्मनीचं जुनं धोरण. ते बाजूला ठेवून ३१ ऑगस्टला जर्मन सरकारने पेशमर्ग्यांना शस्त्रं द्यायचं ठरवलं. पहिल्या यादीत १६ हजार रायफली, ३० 'मिलान' रणगाडाविरोधी लाँचर आणि त्यांची ५०० क्षेपणास्त्रं होती. किंमत सुमारे ७ कोटी युरो. २०१५ च्या जानेवारीत संसदेने एर्बिलला प्रशिक्षणासाठी १०० पर्यंत सैनिक पाठवायला मंजुरी दिली.

याचा उपयोग झाला, हे आधी मान्य करूया. इसिस स्फोटकांनी भरलेली चिलखती वाहनं अंगावर घालायची. ती लांबूनच उडवायला 'मिलान' कामी आलं. माणसं वाचली. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने हजाराच्या आसपास यझिदी स्त्रिया आणि मुलांना आसरा दिला. पुढे शांततेचं नोबेल मिळालेली नादिया मुराद त्यांच्यातलीच. २०२३ च्या जानेवारीत जर्मन संसदेने यझिदींवरच्या अत्याचाराला वंशसंहार म्हटलं. हे सगळं मोलाचं आहेच.

पण थोडं मागं जाऊया. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू टाकला, सुमारे ५ हजार लोक मेले. सद्दामच्या रासायनिक अस्त्रांच्या कारखान्यांना यंत्रसामग्री पुरवणाऱ्यांत जर्मन कंपन्याही होत्या. म्हणजे एकाच देशातून आधी मारणाऱ्याला माल गेला आणि २६ वर्षांनी मरणाऱ्याला ढाल गेली. देश बदलला नव्हता, त्याची गरज बदलली होती.

दुसरी गोष्ट आपण नीट समजून घ्यायला हवी. ही शस्त्रं थेट एर्बिलला गेली नाहीत, बगदादच्या संमतीने गेली. जर्मनीचं एर्बिलला वाणिज्य दूतावास कार्यालय आहे, मंत्री तिथे जातात, बार्झानींशी हात मिळवतात. पण राजदूत बसतो बगदादला. बर्लिनच्या लेखी कुर्दिस्तान हा इराकचा एक भाग. मैत्रीची मर्यादा पहिल्या दिवसापासून ठरलेली होती.

ती मर्यादा २०१७ मध्ये सगळ्यांना दिसली. २५ सप्टेंबरला कुर्दांनी स्वातंत्र्यासाठी सार्वमत घेतलं. ९२ टक्क्यांहून जास्त मतं 'हो' म्हणून पडली. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिग्मार गाब्रिएल यांनी आधीच अशा एकतर्फी पावलाविरुद्ध इशारा दिला होता. सार्वमत झालं, बगदादने एर्बिल आणि सुलेमानियाची आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि १६ ऑक्टोबरला इराकी फौजा किर्कूकमध्ये शिरल्या. जर्मनीने काय केलं? पेशमर्ग्यांचं प्रशिक्षण काही दिवस थांबवलं. पुढच्या वर्षी ती मोहीम संपवून नव्या ठरावात भर सगळ्या इराकच्या फौजांवर दिला. ९२ टक्के मतं बर्लिनच्या तराजूत फारशी भरली नाहीत.

घरातली भांडणंही नडली. पेशमर्गा कागदावर एक फौज, प्रत्यक्षात मोठा भाग दोन पक्षांत वाटलेला. किर्कूकच्या वेळी एका पक्षाच्या तुकड्या मागे हटल्या आणि दुसरा पक्ष त्यांना गद्दार म्हणत राहिला. २०१६ मध्ये तर जर्मन पत्रकारांना जर्मनीने दिलेल्या बंदुका एर्बिल-सुलेमानियाच्या बाजारात विकायला ठेवलेल्या सापडल्या. एका मतदारसंघात मराठीचे दोन-दोन उमेदवार उभे राहिलेले आपण पाहिलेत. त्यामुळे हा भाग आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता किर्कूक. आपल्याला जवळचा मुद्दा हाच आहे. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेत कलम १४० आहे. सद्दामने अरब वस्ती घुसवून जिथलं लोकसंख्येचं चित्र बदललं, तिथे आधी स्थिती पूर्ववत करायची, मग जनगणना, मग लोकांचा कौल. मुदत ३१ डिसेंबर २००७. ती मुदत गेली आणि कौल झालाच नाही. घटनेतलं वचन कागदावर राहिलं. जर्मनीने १६ हजार रायफली दिल्या, पण हे कलम अमलात यावं म्हणून तितका जोर कुणीच लावला नाही. कारण बंदूक दिली की इसिस मागे हटते आणि युरोपलाही सुरक्षित वाटतं. जनगणना आणि कौल घेतला तर बगदाद आणि अंकारा दोघेही नाराज होतात.

आपला प्रश्न वेगळा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं. आपल्यावर वायू टाकलेला नाही, आपल्याला वेगळा देश नको. आपण भारताच्या घटनेत राहून राज्याची हद्द बदलून मागतोय. १९५६ पासून मागतोय. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. म्हणून बंदूकवाला फोटो आपला नव्हेच, आणि तो फिरवून आपण विरोधकांच्या हातात आयतं कोलीत देतो.

पण कलम १४० मात्र आपल्या ओळखीचं आहे. वचन लिहिलेलं असतं, तारीख असते, आणि मोठ्यांना घाई नसते. मुंबई-दिल्लीतून येणारे पाहुणे व्यासपीठावरून जे बोलतात, त्यालाही हीच कसोटी लावा. ते त्यांच्या सोयीच्या दिवशी येतात की आपल्या गरजेच्या? भाषण देतात की वकिलाची तारीख सांभाळतात?

आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत हाताशी आहे ते सोडू नका. इराकच्या घटनेत अरबीबरोबर कुर्दीही अधिकृत भाषा आहे. ते कलम कुर्दांना कुणा पाहुण्याने आणून दिलं नाही, घटना लिहिताना ते टेबलावर बसून भांडले. आपल्याकडे कलम ३५०-अ आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीचं. आपल्या गावात मराठी शाळेचे वर्ग कमी होत असतील, तर पट मोजा, पालकांच्या सह्या घ्या, अर्ज द्या, पोचपावती जपून ठेवा. पेशमर्ग्यांच्या फोटोपेक्षा ती पोचपावती ग्रुपवर टाका. मी पहिला लाईक देईन.