लेप्टो: काविळीआधी लघवीचे विचारा



लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसने) दगावतात ते म्हातारे आणि दारुडे, धडधाकटांनी घाबरू नये, हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वय आणि दारूने पोखरलेले यकृत यांनी धोका वाढतो, हे मान्य. पण वालधुनी नदी फुगली की कल्याणात, किंवा ठाण्यात वंदना टॉकीजपाशी, गुडघाभर पाण्यातून वाट काढतो तो कमावता माणूसच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची साथ पाणी ओसरल्यावर आली होती. संसर्गानंतर ताप यायला २ ते ३० दिवस लागतात. तोवर तुंबलेले पाणी कोणाच्या लक्षात राहते?

मग पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, आणि ‘अंग मोडलंय, इंजेक्शन द्या’ म्हणून डायक्लोफेनॅक मागून घेतले जाते. आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडावर हा आणखी घाव! घरचे मात्र डोळ्यांत पिवळेपणा शोधत बसतात. त्याआधी लघवी किती झाली, दम लागतो का, थुंकीत रक्त दिसते का, हे विचारावे. जीव जातो तो बहुधा मूत्रपिंडे बंद पडून किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन, आणि या रक्तस्रावात कावीळ असेलच असे नाही. अशा वेळी पत्रलेखकांनी सुचवलेला झाडपाला म्हणजे हातचे दोन दिवस घालवणे. पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त औषधे आहेत. ती पहिल्या काही दिवसांतच पोटात किंवा शिरेत गेली पाहिजेत.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)